इस्त्रीवाल्याचे निखारे

परीक्षेतला पदार्थ होता फ्रेंच ग्रॅटिन. इंदुमतीबाईंनी पातेल्यात बटाट्याच्या पातळ चकत्या सायीत रचल्या, वर चीज किसलं, आणि वीजच गेली. ओव्हन थंडावले. केटरिंग कॉलेजची विशीतली मुलं रडकुंडीला आली.

खानावळ सांभाळून बावन्नाव्या वर्षी शिकणाऱ्या, आधी एकदा नापास झालेल्या बाई मात्र तडक फाटकाबाहेरच्या इस्त्रीवाल्याकडे गेल्या. घमेलंभर निखारे आणून त्यांनी अर्धे पातेल्याखाली, अर्धे झाकणावर पसरले.

"अहो, हा फ्रेंच पदार्थ आहे!" परीक्षक ओरडले.

"असू दे की. त्याला वरखालून आच मिळाल्याशी मतलब."

पाऊण तासानं झाकण उघडलं. चीज सोनेरी झालं होतं. परीक्षकांनी एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि ते मुलांकडे वळले.

"रडता काय? बाईंना विचारा, निखारे किती ठेवायचे ते!"

पहिल्यांदाच सगळा वर्ग बाईंभोवती जमला.