तिसरा लाल शेरा

"मला तीन बिस्किटं हवीत," थोरली दारातून म्हणाली.

"दोन. आणि बाळ उठलं तर काय करायचं?"

"थोपटायचं."

"आणि आईच्या खोलीत?"

"यायचं नाही. आणि कोणाचा फोन आला तर आपल्याकडे कोणी रडत नाही." थोरली साडेचार वर्षांची होती. अटी तिला पाढ्यांसारख्या पाठ होत्या.

"शहाणी माझी."

सात महिन्यांचं बाळ पलीकडच्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर झोपलं होतं. आईने त्याच्याभोवती उशा लावल्या, थोरलीला शेजारी ठोकळे मांडून दिले आणि दार लोटून घेतलं. नवरा मालाच्या ट्रकवर होता, तो शनिवारी उगवायचा. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. 'मुलांना सांभाळायला घरात माणूस आहे का?' या कंपनीच्या प्रश्नापुढे तिने 'होय' लिहिलं होतं. खोटं कुठे होतं? ती स्वतः होतीच की.

कंपनी गीझर बनवायची. तक्रारींचे फोन घेणाऱ्या मुली आपापल्या घरून फोन घ्यायच्या. ती आपल्या घरी बसून त्यांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शेरे द्यायची. आवाज गोड होता का, माफी मागितली का, मागे गोंगाट होता का. कानावरून हेडफोन निघाले की पडद्यावर 'विश्रांती' असं उमटायचं. दिवसातून तिसऱ्यांदा उमटलं की साहेबांचा फोन. आज सकाळीच दोनदा उमटून झालं होतं, एकदा लंगोटासाठी, एकदा उतू जाणाऱ्या दुधासाठी.

तिने हेडफोन चढवले. पहिल्या फाईलमध्ये एक गृहस्थ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत फोनवर भांडत होते. एरवी ती हसली असती. आज तिने हिरवा शेरा दिला आणि डोळे चोळले. रात्री सलग दोन तास झोप कधी मिळाली होती, तेही तिला आठवत नव्हतं.

पुढची फाईल सतरा नंबरची होती. या मुलीची फाईल रोज जेवणानंतर यायची. नाव माहीत नव्हतं, चेहरा पाहिलेला नव्हता, फक्त आवाज ओळखीचा होता. जरा बसका, पण शांत. "काका, आधी बटण बंद करा. केलंत? आता नळ सोडा बघू."

तिसऱ्या मिनिटाला रडणं सुरू झालं. अगदी हलकं, बंद दाराआडून यावं तसं.

"अगं बाई, आजही?" ती पुटपुटली.

मागे मूल ऐकू आलं की लाल शेरा, असा नियम होता. तीन लाल शेरे झाले की नोकरी संपली. सतरा नंबरला या महिन्यात दोन मिळाले होते आणि दोन्ही हिनेच दिले होते. दोन्ही वेळा खाली एकच उत्तर आलं होतं: माझ्या घरी मूल नाही.

रडणं वाढलं. तिच्या कुर्त्यावर दोन ओले डाग उमटले. अंगाला काय कळतंय, रेकॉर्डिंग कुठलं आणि खरं कुठलं. तिने ओढणी पुढे घेतली.

दाराच्या काचेपलीकडे थोरली उभी होती, ओठ हलवत. आईने दोन बोटं वर केली. बिस्किटं दोन म्हणजे दोन.

फाईल संपली तेव्हाच पडद्यावर साहेबांचा निरोप आला. 'तुम्ही दिलेले लाल शेरे सगळ्यांत कमी आहेत. पुढच्या महिन्यात आठातले पाचच तपासनीस ठेवायचे आहेत. माया बाजूला ठेवा.'

तिसऱ्या शेऱ्याआधी एकदा फोन करायचा असतो. तिने तो लावला.

"सतरा नंबर का? आज तिसरा लाल शेरा होतोय तुमचा. काही सांगायचंय?"

"मॅडम, माझ्या घरी मूल नाही हो. दोनदा लिहिलं मी."

"हे बघा, मीही आईच आहे. खरं बोललात तर वर शब्द टाकून बघेन."

"खरंच सांगतेय. मी एकटी राहते. ही नोकरी गेली तर... मूल असतं तर लपवलं असतं का मी?"

"लपवतात सगळ्याच. अहो, आत्ता, या घडीला ऐकू येतंय मला!"

पलीकडे पंख्याची घरघर बंद झाली.

"हो," सतरा नंबर हळूच म्हणाली. "येतंय ऐकू."

"मग?"

"आधी बाळाला घ्यायला हवं, मॅडम. माझं काय ते नंतर बघू."

शेवटी आलीच कबुली. तिला राग आला आणि रागामागून वाईटही वाटलं. पहिल्या दिवशीच सरळ सांगितलं असतं तर तिने डोळेझाक केली असती. निदान तसं तिला वाटलं. आता हातात काही उरलं नव्हतं. हिची नोकरी वाचवायला जावं तर स्वतःची जायची.

"मग घ्या ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने लाल चौकोनावर बोट ठेवलं. 'नक्की?' पडद्याने विचारलं. तिने 'होय' दाबलं. यादीतून सतरा नंबरची ओळ गेली आणि खालची अठरा नंबरची ओळ वर सरकली.

तिचे कान ठणकत होते. उमटू दे विश्रांती, येऊ दे साहेबांचा फोन. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

रडणं थांबलं नाही.