साहेबासारखं घड्याळ

साहेब, माझ्या विजयचा डावा हात मशीननं नाही, तुम्ही तोडलात. इंजिनिअर होऊन तुमच्या ऑफिसात आला, तेव्हा त्याचं घड्याळ बघून सगळ्यांसमोर हसलात, "ये घड़ी दसवीं में मिली थी क्या?" त्यानं एमपी नगरच्या दुकानात एकेक घालून बघत तुमच्यासारखंच भारी घड्याळ निवडलं. म्हणाला, "आई, आता दिसतो ना साहेब?" कारखान्यात मशीनपाशी जाताना प्रत्येक जण घड्याळ काढून खिशात टाकतो. परदेशी पाहुण्यांना मशीन दाखवताना विजयही काढत होता, तर तुम्ही म्हणालात, "रहने दो, मेहमानों पर रौब पड़ता है." फिरत्या शाफ्टनं घड्याळाचा पट्टा ओढला, पट्ट्यानं हात. चौकशीत तुम्ही लिहिलंत, घड्याळ घातलं, चूक त्याचीच. आज तुमचा शिपाई तेच घड्याळ घरी देऊन गेला. बोला साहेब, उजव्या मनगटावर ते त्यानं कोणत्या हातानं बांधायचं?