गिरमिट

"भोक? माझ्या झाडाला?" मच्छिंद्र असा उसळला, की बांधावर निजलेलं कुत्रंसुद्धा उठून लांब जाऊन बसलं.

त्याच्या बायकोनं, चांगुणानं कपाळावर हात मारला. अहो, सगळं ठरलं होतं! नगरच्या लॅबमधली ही अंजुम दोनदा फोनवर बोलली होती. आज श्रीगोंद्यापर्यंत एसटीनं आणि पुढं रिक्षानं धक्के खात आली होती. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली, आणि पोरीनं पिशवीतून हातभर गिरमिट काढलं तेव्हा या माणसाच्या अंगात आलं.

"काका, पेन्सिलीएवढं भोक पडेल. झाडाला काही होत नाही," अंजुम म्हणाली. "लगेच मेणानं बुजवते."

"झाडाला न्हाई हुत, मला हुतं! चोर काय करत्यात ठावं हाय? असंच गिरमिट घालून बघत्यात. आत गाभा भरला, वास आला, की दोन दिसांत झाड गायब. भोक पडलेलं झाड म्हंजी खूण केलेलं झाड."

त्यात खोटं काही नव्हतं. पण चांगुणाचं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. तेरा वर्षं हा माणूस या दोनशे चंदनांच्या मधे खाट टाकून झोपत होता. लेकीच्या, ज्ञानेश्वरीच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या पडल्या शेताकडं पळाला; पोरीची पाठवणी आईनं एकटीनं केली. सवत असती तर निदान झिंज्या तरी धरता आल्या असत्या. झाडांशी काय भांडायचं?

"पर पोरी, तू ह्या लाकडाचं करनार काय?" तिनं विचारलं.

अंजुमनं सुस्कारा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चंदनाचा सुगंध झाडाच्या आतली एन्झाइमं तयार करतात. ती कशी बनवायची, हे जनुकांत लिहिलेलं असतं. गाभा भरत असेल त्या झाडात ही जनुकं कामाला लागलेली सापडतात. ती ओळखायची, यीस्टमधे घालायची आणि ते यीस्ट साखर कारखान्याच्या मळीवर पोसायचं. मग चंदनाचा वास टाकीतच तयार.

"पाव फुगवायचं यीस्ट?"

"तेच, मावशी."

"म्हंजी झाड नको, राखन नको?"

"काहीच नको."

चांगुणाला हे इतकं पटलं, की तिनं नवऱ्याकडं वळून हुकूमच सोडला. "पाडू द्या वो एक भोक! पोरगी कुठनं कुठं आली."

मच्छिंद्रनं कुरकुरत रस्त्यावरून दिसणार नाही असं मधलं झाड दाखवलं. अंजुमनं थंड वाफा सोडणारा डबा उघडून ठेवला. तुकडा निघाला की लगेच त्यात टाकायचा होता. गिरमिट फिरवता फिरवता ती म्हणाली, "हे माझं सातवं शेत. जिथं गाभा होता, तिथली झाडं माझ्याआधी चोरांनी नेली."

गिरमिटातून लाकडाची काडी निघाली. सालीपासून मध्यापर्यंत पांढरीफट्ट. अंजुमनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग डब्याचं झाकण लावून टाकलं.

"गाभा नाही, काका."

"मध्यापर्यंत गेलं नसंल."

"मध्याच्या पलीकडं गेलंय."

मच्छिंद्रनं तिच्या हातातून गिरमिट हिसकावलं. सगळ्यात जाड झाडाला स्वतःच भोक पाडलं. पांढरं. मग काटेरी तारेचं दुहेरी कुंपण केलेलं एक झाड होतं, त्याला पाडलं. तेही पांढरं. मघाशी एका भोकासाठी भांडणारा माणूस, आता त्याला कुणी थांबवायला धजेना.

"काका, यांना खत काय घालता?" अंजुमनं हळूच विचारलं.

"उसाला घालतो ते समदं. ठिबक हाय. भर उन्हाळ्यात बी पानी एक दिस चुकवलं न्हाई."

अंजुमला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. "चंदनाचे जरा हाल व्हावे लागतात. तहान लागते, मुरमाड जमीन लागते, तेव्हा गाभा धरतो. तुमची झाडं सुखात वाढली. नुसतीच वाढली."

मच्छिंद्र मटकन खाली बसला.

तेरा वर्षांचं सगळं चांगुणाच्या जिभेवर आलं. आता नाही बोलायचं तर कधी? तिनं पडलेली काडी उचलली आणि नाकाला लावली. ओल्या लाकडाचा वास, बस. बाभळीच्या ढलपीला तरी याहून जास्त येतो.

"मला तर येतोय की," ती म्हणाली. "बारीक येतोय."

मच्छिंद्रनं मान वर करून बायकोकडं पाहिलं. काडी तिच्या हातातून घेतली. वास घेतला नाही, नुसती मोडली.

अंजुम मेणाची गोळी मळत पहिल्या झाडाकडं निघाली.

"ऱ्हाऊ द्या, म्याडम," तो म्हणाला. "भोकं उघडीच ऱ्हाऊ द्या. चोरांना बी कळू द्या."