हॅमची राखण

हॅम उकडून, त्यावर मोहरीचा लेप आणि पावाचा चुरा लावून गुनवरनं तो ओव्हनमधून खरपूस काढला. "दरवर्षी चव बघता बघता नुसतं हाड ठेवता माझ्यासाठी," ती घरच्यांवर करवादली आणि तिनं नव्या इंग्रज जावयाला राखणीला बसवलं.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या जेवणाला, हॅम अख्खा होता. उप्सालाहून आलेल्या गुनवरच्या सासूबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता. स्वीडिश रीतीप्रमाणे हॅम उकडलेल्या रश्श्यात पाव बुडवून खाल्ला, की त्यांचा नाताळ झाला.

"आण गं रस्सा," पाव हातात धरून त्या म्हणाल्या.

गुनवरनं पातेल्यावरचं झाकण काढलं.

"हॅमला कुणाला शिवू दिलं नाही, आई," जावई म्हणाला. "आणि बसल्या बसल्या ते घाण पाणी ओतून पातेलंही घासून टाकलं."