दगडांची आंघोळ

सून कढत पाण्याच्या बादलीत दगड बुडवून ब्रशने घासत होती. खाऱ्या पाण्याच्या नव्याकोऱ्या टाकीत असले शेवाळलेले दगड? तिच्या राज्यात कळकटपणा चालत नसे. सासरे स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले, पेला भरून घेतला आणि एक शब्दही न बोलता परत गेले. हल्ली ते बोलतच नसत. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेला हा माणूस सासूबाई गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. त्यांचं मन रमावं म्हणून मुलाने टाकी आणली होती.

आणि खरंच, ते भिंग घेऊन काचेपुढे बसू लागले.

"मासे कधी सोडायचे, बाबा?"

"मासे नंतर. आधी दगडांतून बारीक जीव बाहेर येतील. ते ओळखण्यातच खरी मजा."

आठवडा गेला, पण पाण्यात काही हललं नाही. बाबांनी भिंग ठेवून दिलं आणि पुन्हा भिंत धरली. ताटही तसंच परत आलं. शेवटी सुनेने टाकी आणि दगड देणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"कढत पाण्याने धुतलेत? ताई, त्या फटींतच तर जीव होते. तुम्ही त्यांना आंघोळ घातलीत."

तिला रडूच आलं. "बाबांना कळलं तर ते पुन्हा उठायचे नाहीत हो. दुसरे जीव असतील तर पाठवून द्या ना घरी."

"इतकं नाजूक काम कुणाच्या हाती देत नाही मी. तुम्हीच या."

दुकान चौकाच्या पलीकडे होतं. स्कूटरवरून पडल्यापासून सुनेने रस्ता ओलांडला नव्हता. दूध, भाजी, औषधं सगळं दारात यायचं, आणि नवरा 'चल, फिरून येऊ' म्हणाला की तिला हमखास एखादं काम आठवायचं. पण आता प्रश्न बाबांचा होता. चौकात ती बराच वेळ घामाघूम होऊन उभी राहिली. शेवटी एका आजीबाईंच्या मागोमाग पलीकडे गेली.

परत आल्यावर बाबा आंघोळीला गेलेले बघून तिने दुकानातून आणलेली जीवांची बाटली टाकीत ओतली.

"सूनबाई, इकडे ये. ही तांदळाची कणी बघ, कुशीवर पोहतेय. कोळंबीचं चुलत भावंड आहे हे."

"अय्या, हे कुठून आलं?"

"दगडातून. आणखी कुठून येणार?"

त्या दिवशी त्यांनी जेवण मागून घेतलं.

मग हे चालूच राहिलं. कधी नखाएवढा तारामासा, कधी नळीतून पिसांचा तुरा बाहेर काढणारा किडा. बाबा नाव सांगायचे, ती पुन्हा पुन्हा चुकवायची, आणि ते शाळेतल्या पोरीला रागवावं तसे खोटं खोटं रागवायचे. चौकात आता ती थबकत नसे. येताना भाजी स्वतः निवडून आणायची, शिंपिणीशी दोन घटका गप्पा मारायची. या म्हाताऱ्यावर आपला एवढा जीव जडेल असं तिला वाटलं नव्हतं. म्हणूनच त्यांना फसवणं तिला टोचत होतं. आज खेकड्याचं पिल्लू आणायचं आणि सगळं कबूल करून टाकायचं, असं ठरवून ती निघाली.

जिन्यात आल्यावर लक्षात आलं, जीव आणायची बाटली घरीच राहिली. ती मागे फिरली. दार लोटलेलंच होतं. आत बाबा फोनवर बोलत होते.

"निघालीये ती, पोचेल आता. अरे, दगड धुताना बघितलं होतं की मी. पेला भरला आणि गप्प बसलो. हो, पिल्लू दे. आणि आपलं ठरलंय तसं, तिने कितीही विनवलं तरी घरपोच द्यायचं नाही."