नुसते ओठ

पाहुणा गायक गेला आणि जाताना आपल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रित साथीचा ट्रॅकही घेऊन गेला. त्याला दुसऱ्या गावात दुसऱ्या एका संस्थेला हातभार लावायचा होता. पाहुणी नर्तकी त्याआधीच गेली होती. पाहुणा नकलाकार तर आपली शेवटची नक्कल अर्धी टाकून गेला होता. समूहगान मंडळाच्या मदतीसाठी ठेवलेल्या वार्षिक कार्यक्रमात आता मंडळच तेवढं उरलं होतं.

शेवटचं गाणं मंडळाचं. दरवर्षी ते पाहुण्याच्या पाठीमागे, ट्रॅकमधल्या भरघोस कोरसच्या आडोशानं उरकायचं. मंडळाचा आवाज बारीक होत चालला होता, म्हणून पाहुणे वाढत चालले होते. आवाज का बारीक होतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे दमलेले होते. तिकिटं खपवून, खुर्च्या मांडून, पाहुण्यांना पाणी कोमटच का लागतं ते ऐकून.

विंगेत चष्मेवाला उभा होता. बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि मंडळात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. तो अगदी पहिल्यापासूनचा सभासद. पण कार्यक्रमात त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत आवाज निघाला नव्हता. फार पूर्वी एका कार्यक्रमानंतर, गाणी बसवणाऱ्या मास्तरांनी त्याला जिन्यात गाठलं होतं.

"आवाज छान आहे हो तुमचा. पण अंतऱ्यात वर गेलात की सूर खाली घसरतो. सरावाला गा, कार्यक्रमात नुसते ओठ हलवा. आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या."

त्यानं ते दोघांतच राहू दिलं. बायकोलाही सांगितलं नाही. घसरलेला सूर त्यानंही ऐकला होता. तो आपला आहे, एवढंच कळलं नव्हतं. सरावात तो सूर पुढेही घसरतच राहिला, म्हणून चष्मेवाला आणखी हळू गाऊ लागला. कार्यक्रमात पाहुणे आणि ट्रॅक आल्यावर तर काही कळायला मार्गच उरला नाही. घरी मुलीला झोपवताना त्यानं गाणं सोडून गोष्टी धरल्या. मुलगी चार दिवस रडली, मग कंटाळून झोपू लागली.

ती मुलगी आता नोकरीला होती आणि समोर तिसऱ्या रांगेत बसली होती. संध्याकाळी घरातून निघताना म्हणाली होती, "बाबा, इतकी वर्षं येते, पण तुमचा आवाज एकदाही वेगळा ओळखता आला नाही मला."

"समूहगान म्हणतात त्याला," चष्मेवाला म्हणाला होता. "त्यातच तर खरं कसब आहे."

"भावजी, आज तोंड जरा मोठं उघडा," मास्तरांची बायको त्याच्याशेजारी येत म्हणाली. तिला सगळेच वहिनी म्हणत. "ट्रॅक नाहीये. लोकांना वाटेल, फुकट बघायला वर चढलात."

चष्मेवाला हसला. वहिनींच्या बोलण्याचा राग कुणालाच येत नसे. आजाऱ्याला डबा वहिनी नेत, रुसलेल्याला वहिनीच परत आणत. मंडळ मास्तरांनी उभं केलं आणि वहिनींनी उभं ठेवलं, असं अध्यक्ष दरवर्षी म्हणत. त्यांच्या भाषणातलं तेवढं एक वाक्य खरं असे.

पलीकडे टपाल कचेरीतल्या बाई होत्या. मंडळातला सर्वांत खणखणीत आवाज त्यांचा.

"तुम्ही आहात म्हणून निभावेल आज," चष्मेवाला त्यांना म्हणाला.

बाई दचकल्या. "मी? मला वाटलं तुम्ही..." तेवढ्यात मंचावर बोलावणं आलं, तीन रांगा लागल्या, वहिनी पहिल्या रांगेत, आणि पडदा वर गेला.

मास्तरांनी हात उचलले. कीबोर्डवाल्यानं सुरुवात करून दिली. तीन रांगांमधली तोंडं एकदम उघडली. आवाज एकच आला.

चष्मेवाल्यानं उजवीकडे पाहिलं. टपालवाल्या बाईंचे ओठ हलत होते, अगदी शब्दाबरहुकूम. डावीकडे बँकेतल्या कारकुनाचेही. मागच्या रांगेतून नुसता श्वास ऐकू येत होता. मास्तरांनी प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या जिन्यात गाठलं होतं. एक जण सोडून.

वहिनी डोळे मिटून गात होत्या. मन लावून, पोटातून. अंतरा आला, त्या वर गेल्या आणि सूर खाली घसरला. तोच. चष्मेवाल्यानं त्याला ताबडतोब ओळखलं. इतकी वर्षं त्यानं तो आपला समजून सांभाळला होता.

त्याला राग आला. घरात बायकोशी एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी या माणसानं तीन रांगा गप्प केल्या होत्या. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे हात हवेत होते, पण ते काही चालवत नव्हते, नुसते लटकले होते. चेहरा इतका थकलेला की त्यावर रागावणंसुद्धा जास्तीचं काम वाटावं. घाबरून कीबोर्डवाला थांबला. आता तर सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

वहिनींनी डोळे उघडले. त्यांनी स्वतःला एकटं ऐकलं. एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे, आणि मग मास्तरांकडे. आवाज कापू लागला. प्रेक्षकांत पुढे बसलेल्या एका देणगीदारानं रुमाल तोंडावर धरला.

खरा सूर चष्मेवाल्याच्या गळ्यात तयार होता. तो लावला असता तर चूक कुणाची ते साऱ्या सभागृहाला कळलं असतं. तिसऱ्या रांगेतल्या मुलीलाही.

त्यानं छातीभर श्वास घेतला आणि वहिनींच्याच घसरलेल्या सुरात, मोकळ्या गळ्यानं, जाणूनबुजून बेसूर गायला लागला.