पिवळ्या फुलाखालचा दोर

या, असे जवळ सरका. गोष्ट सांगतो. रक्ताची आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

स्वर्गाची वर्णनं आपण पुष्कळ ऐकली, गोड गळ्यांनी गायलेलीही ऐकली. हा स्वर्ग मात्र प्लायवूडचा होता. पिक्चरमधले प्रवासी समुद्र ओलांडून, निम्मे मरून, एकदाचे त्याच्या दाराशी पोचले होते, आणि दाराशीच खलनायक त्यांना एकेक करून कापत होता. सकाळपासून चार मुडदे पडले होते. चौघेही आता गळ्यावरचा लाल रंग तसाच ठेवून भिंतीला टेकून चहा पीत होते.

रंगवाली ताई तीस फूट उंच मचाणावर, खोट्या पानांच्या मागे गुडघ्यांवर बसली होती. समोर कड्याचा लाकडी खांब आणि खांबावरून खाली उतरणारे दोन दोर. एक झुलत्या पुलाचा. दुसरा तिच्या धाकट्या भावाच्या कमरेचा. भाऊ नायकाच्या कपड्यांत पुलाच्या टोकाला लोंबकळत होता. खांबाशी उभ्या खलनायकाने पुलाचा दोर तोडला की त्याला पडायचं होतं, आणि कमरेच्या दोराने त्याला अधांतरी झेलायचं होतं. खाली गादी नव्हती. सिमेंटला निळा रंग फासून नदी केली होती.

कमरेचा दोर नेहमी लाल असतो. लालला हत्यार लावायचं नाही, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. पण सकाळी दिग्दर्शक खेकसला होता, "स्वर्गात लाल दोर कसला? मारा रंग!" ताईने रंग मारला. हात असा बसलेला, की दोन्ही दोर जुळे भाऊ वाटायला लागले. मग तिलाच धास्ती वाटली. तिने कागदाचं एक पिवळं फूल पुलाच्या दोरावर टाचलं आणि खलनायकाला तीनदा बजावलं, "दादा, फुलाखालचा दोर. दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही."

"फूल दिसलं की घाव. कळलं हो, ताई."

खालून भाऊ ओरडला, "दादा, नीट मारा हं! माझं लग्न व्हायचंय अजून!"

"तुला कोण देतंय पोरगी!" कमरेच्या दोराचं दुसरं टोक धरून मागे बसलेला मामा म्हणाला. सगळे हसले.

दोन टेक फुकट गेले. कोयता बोथट, दोर तुटेना. दिग्दर्शकाने कोयता हिसकावून खाली भिरकावला, तो एका मुडद्याच्या चहाजवळ खणकन आपटला. "मला अभिनय नकोय! खून हवाय, खून!" कोयत्याला धार लावून आणली. कागद धरला तर त्याचे हवेतच दोन तुकडे झाले. ताई रंगाचा डबा भरायला खाली गेली, तेवढ्यात दिग्दर्शक पुन्हा मचाणावर चढला. कॅमेऱ्यातून डोकावला. "हे फूल खलनायकाच्या चेहऱ्याच्या आड येतंय," असं पुटपुटत त्याने ते उपटलं, वीतभर डावीकडे टाचलं आणि उतरला.

ताई पानांमागे येऊन बसते न बसते तोच पंखे सुरू झाले. धबधब्याचा पंप घरघरला. "ॲक्शन!"

तिची नजर फुलावर गेली. फूल भावाच्या दोरावर होतं.

"थांबा!" ती ओरडली. त्या घरघरीत तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही. खलनायकाने दोन्ही हातांनी कोयता उचलला. डोळे तांबडे, तोंडाला फेस. ताईने पानांतून डावा हात घातला आणि दोर झाकला. हात कोपरापर्यंत त्याच रंगाने माखलेला. खलनायकाला दोर दिसला, हात दिसलाच नाही.

घाव बसला. दोन बोटं निळ्या नदीत जाऊन पडली. कोयत्याचा जोर तिथे सरला, तरी दोराचे निम्मे पीळ तटातट तुटले. चिळकांडी खलनायकाच्या गालावर उडाली. सकाळपासून त्याच्या अंगावर असलं पुष्कळ उडालं होतं. त्याने गाल पुसलासुद्धा नाही. कोयता पुन्हा वर गेला.

आता ओरडून उपयोग नव्हता. "देवा, एवढं करू दे," म्हणत ताईने उजव्या हाताने फूल उपटलं, शेजारच्या दोरावर दाबलं आणि हात मागे ओढला. रक्ताने भिजलेलं फूल तिथे चिकटून बसलं.

खलनायकाचे डोळे फुलाबरोबर सरकले. फूल दिसलं की घाव. कोयता उतरला, पूल तुटला, भाऊ किंचाळत खाली गेला, आणि उरलेल्या निम्म्या पिळांनी त्याला नदीच्या हातभर वर झेललं.

"कट! वा! ह्याला म्हणतात खून!"

मामाने दोर ओढून घेतला. भाऊ वर आला तो हसतच. "ताई, किंचाळलो कसा? खरं वाटलं ना?" त्याने पानं बाजूला केली.

ताई डावी मूठ पोटाशी आवळून बसली होती. "आधी तो दोर सोड कमरेचा," ती म्हणाली. "निम्माच उरलाय."

दिग्दर्शकाने तोच टेक ठेवला. पिक्चर बघाल तेव्हा पुलाच्या जागी जरा डोळे उघडे ठेवा. पानांतून क्षणभर एक माखलेला हात येतो आणि लाल झालेलं फूल सरकवून जातो. थिएटरात टाळ्या पडतात. स्वर्गानेच नायकाला वाचवलं, असं लोक म्हणतात. त्यांना खोटं तरी कसं म्हणू? तुम्हीही टाळी वाजवा. फक्त वाजवायला दहा बोटं उचलाल ना, तेव्हा तिची आठवण ठेवा.